दुसरीनं सुरू करायचं

हॅलो?… हाँ जी, गोंदिया। राइस मिल का क्वार्टर, हाँ। कहाँ से, नागपुर से?… दीजिए, दीजिए।

हॅलो?… कोण?… जोरानं बोला, नुसती खरखर येऊन राहिली… हो, मी वच्छलाच. तुम्ही कोण?… मंदा? कोणती मंदा?

अवं, माझी बहीण मंदा तर घरातच आहे! सकाळच्या गाडीनं आली. आतल्या खोलीत दार लोटून व्हायोलिन वाजवून राहिली. तुम्हाले कोणता नंबर पाहिजे, बाई?

हे पाहा, मस्करी नका करू. आज आमच्या शालीकराम मास्तरची तेरवी आहे. जेवणाच्या आधी नागऱ्याले त्यांच्या घरी पोचायचं आहे आम्हाले. बाहेर भैयाजी दमणी जुंपून केव्हाचा बसला आहे, अन् तुम्ही…

काय म्हटलं?… माझ्या दंडावरचा डाग? कढईतलं तेल उडालं होतं… अनारशाच्या वेळी… हे तुले कोणी सांगितलं?

मंदे? खरंच तू?… आवाज तर तुझाच आहे वं.

कुठून बोलून राहिली? नागपूरहून? अजून नागपुरातच?… दवाखान्यातून? काऊन, काय झालं?… आई गं! ट्रंकेचं झाकण? कोणत्या हातावर?… डाव्या. बोटं तर हलतात ना?… टाके घातले? अवं ऐक ना, रडू नको. गाडी गेली तर गेली. हात सांभाळ पहिले…

थांब. एक मिनिट थांब, मंदे.

तू जर तिथं आहे, तर आत कोण आहे?

नाही, डोळ्यानं नाही पाहिलं. मी मागं विहिरीवर होती. समोरचं दार उघडंच. घरात आली तर आतून सूर लावणं चालू. म्हटलं, आली महाराणी! बहिणीले हाक नाही, पाणी नाही, बसली वाजवायले. अन् मास्तरचा नियम माहीत आहे ना तुले? रियाजाले दार लोटलं की घर पेटलं तरी उघडायचं नाही. म्हणून दाराशी चहा ठेवला अन् भाजी चिरत बसली. बाहेरूनच गोष्टी करून राहिली होती मी! गाडीत गर्दी होती का, जवाई बरे आहेत का…

उत्तर? नाही दिलं… खाकरली फक्त. दोनदा. मी म्हटलं, इंजिनचा धूर गेला असंन घशात.

हो. सुरू करायच्या आधी मास्तरच तसे खाकरायचे… म्हणू नको असं. तोंडातून काढू नको, सांगून ठेवते.

वाजूनच राहिलं ना. आताही. रिसीव्हर तिकडं धरते, ऐक… आलं ऐकू?… मंदे? ओळखलं ना?

हो, 'दोघांचं'च आहे, आपलं दोन व्हायोलिनचं. मधला सावकाश भाग. दुसऱ्या व्हायोलिनचा. तुझाच.

रेल्वे इन्स्टिट्यूटमधलं कोणी? आता तिथं ताशे अन् हार्मोनियम आहे नुसतं! स्वराज्य आलं त्या साली रेल्वेचा गोरा साहेब विलायतेले गेला, त्याच्यासंगं वाजवणारेही गेले. रेकॉर्डी तेवढ्या मास्तरले देऊन गेला. त्या जर्मन बुवाले मरून दोनशे वर्षं झाली. त्याचा दोन व्हायोलिनचा कॉन्सर्टो या गोंदियात आपल्या तिघांशिवाय कोणाले येते, सांग ना?

ग्रामोफोन? छट्! विसरली का, रेकॉर्डले तडा होता. दुसरी सुरू होते अन् पहिली शिरणार, नेमकी तिथंच सुई उडायची. तेवढ्या भोकाले मास्तरनं आपले सूर लावले, आपल्याकडच्या दंडारीच्या नाचगाण्याच्या चालीचे. आपल्याले कुठं माहीत होतं ते बुवाचे नाहीत म्हणून! तो मद्रासचा पाहुणा ऐकून किती हसला होता. मी तर रडली होती त्या दिवशी. अन् मास्तर काय म्हणाले? "चुकीचं असंन, पण आपलं आहे. काढायचं नाही."

तर ऐक. आत जे वाजून राहिलं ना, ते उडत नाही. तिथं आलं की दंडारीचे सूर घेते.

तिघांलेच येतात ते. तू नागपुरात. मी इथं फोनपाशी…

आहे. आहे मी. फोन नाही ठेवला.

माझी व्हायोलिन? इथं खुंटीवर आहे, समोर. आत मास्तरचीच आहे, सुशिलाबाईनं ठेवायले दिलेली. पण तिच्या तारा तर मीच ढिल्या केल्या, मास्तर गेले त्या दिवशी. वाजवणारा गेला की तेरवीपर्यंत तारा ढिल्या ठेवायच्या, अन् तेरवीले चेल्यानं ताणायच्या, त्यांचाच रिवाज ना? आज आपण दोघी ताणणार होतो… हो, हात लावला नाही कोणी. घरात आहेच कोण? तुझे भाऊजी सकाळीच मिलमध्ये गेले.

चपला? थांब, वाकून पाहते…

उंबऱ्यापाशी चपला नाहीत, मंदे. चहा तसाच आहे. साय धरली त्याच्यावर.

पळू? अन् पळून कुठं जाऊ? नागऱ्याले जाऊन सुशिलाबाईले काय तोंड दाखवू? नवरा गेला त्या बाईचा. शब्द दिला होता आपण. दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या मास्तर काय म्हणाले होते? "तेरवीले रडारड नको. जेवणाआधी दोघी मिळून 'दोघांचं' वाजवा, नाहीतर मले जाता नाही येणार." अन् तू म्हटलं, मास्तर, माझी गाडी चुकली तर?

हो ना… हसले. म्हणाले, "तर मग दुसरी मी धरीन." आपणही हसलो. मी तर मोसंबी सोलत होती अन् हसून राहिली होती.

एकटीनं? एकटीनं कसं वाजवू? तुले नाही का माहीत? यात पहिली म्हणजे मालकीण अन् दुसरी साथीले, असं नसते ना. दुसरीनं सुरू करायचं. ती एकटी निघते, मग पहिली तिच्यामागून तेच बोलते, अन् मग दोघी एकमेकीले धरून चालतात. आई गेल्यावर आपण दोघी जात्यावर बसत होतो, तशा. एकीचा हात सुटला की खुंटा ओढता नाही ओढत. दुसरीनं हाक दिल्याशिवाय पहिलीले तोंडच नाही त्यात.

अन् सकाळपासून तेवढंच होऊन राहिलं, मंदे. दुसरी निघते, दंडारीचा तुकडा घेते, अन् पहिली जिथं शिरते तिथं येऊन थांबते. पुन्हा पहिल्यापासून. मी चिडली तुझ्यावर. ओरडली भाजी चिरता चिरता, "पुढं सरक ना वं, कायले तिथंच अडून राहिली!"

ते अडलं नाही. माझी वाट पाहून राहिलं.

हाँ जी?… टाइम हो गया? बढ़ा दीजिए भैया, मेहरबानी होगी। लाइन मत काटिए। मेरी बहन है उधर, और कोई नहीं है मेरे पास।

मंदे?… हां. भीती वाटते ना, वाटत नाही कशी! पण मास्तर कधी मले रागावले नाही वं. एवढं खोटं वाजवलं मी त्यांच्यापुढं, पण एक शब्द नाही बोलले. तो माणूस माझ्यापायी अडकून राहिला असंन तर? खुर्चीत बसून, तहानलेला…

नाही, दार नाही उघडत. नियम तो नियम. इथूनच वाजवते, दाराकडं तोंड करून.

काढली खुंटीवरून. थांब, सूर पाहू दे… बरोबर आहे. आतल्याशी मिळून राहिला. मी लावला नाही वं, मंदे, कालपासून हात नाही लावला हिले.

जाऊ दे. ऐक आता, नीट ऐक. फोन ठेवू नको. मी रिसीव्हर टेबलावर ठेवते, तू कानाले लावूनच राहजो. दोन व्हायोलिन ऐकू येतील. शेवटी दुसरी थांबली अन् माझी एकटी राहिली, तर समज, मास्तर सुटले. मग मी नागऱ्याले जाईन अन् सुशिलाबाईले सांगीन, वाजवलं म्हणून. पोटभर जेवीनही.

अन् माझी थांबली, अन् दुसरीच वाजत राहिली… तर तुझ्या भाऊजीले मिलमध्ये फोन करजो. भैयाजीले आत पाठवू नका म्हणावं, साधा माणूस आहे तो.

रडू नको. हात सांभाळ. मंदे, तू लहान असताना मी तुले…

चूप. चूप… खाकरले.

आली, मास्तर. आली.