टेलचं घर

क्रांती : मग काल कबूल केलेलं कुठं गेलं, काका? सहा वाजता आईचा व्हिडिओ कॉल हाय, तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवा म्हणून हात जोडले होते ना मी?

जोतीराम : आगं, कुस्त्यांचं मैदान सुरू हाय. पुढच्या सोप्यात बघ, निम्मी आळी येऊन बसलीया. आता मोठी जोड लागायच्या टायमाला बंद करू व्हय?

क्रांती : टीव्हीवर एक कुस्ती, आणि बसलेल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर तीच कुस्ती. वर तुमच्या गोठ्यातले दोन कॅमेरे. म्हशी काय पळून चालल्यात?

जोतीराम : हे बघ, वायफाय माझं हाय. डबा माझ्या घरात, छत्री माझ्या स्लॅबवर. तुमाला वापराय दिलं, कवा न्हाई म्हटलं न्हाई.

क्रांती : तेच तर. तुमी कुणालाच न्हाई म्हटलं न्हाई. अख्ख्या आळीला पासवर्ड वाटला, पेढे वाटावेत तसा. सगळ्यांनी ओढून आमच्या घरापर्यंत येस्तोवर त्यात राहतं काय? मोबाईलची रेंज तर आमच्याकडं नावालाबी न्हाई.

जोतीराम : मग साधा फोन लावा की. आमी बोलतोच न्हवं?

क्रांती : काका, आईला ऐकू येत न्हाई.

जोतीराम : ते काय मला ठावं न्हाई व्हय?

क्रांती : ठावं हाय तर असं बोलता कसं? तुमचा आवाज अडकला की तुमी हॅलो हॅलो करून वरडता. ती काय करणार? तिचं बोलणं हातानं, ऐकणं डोळ्यानं. चित्र थांबलं की तिची वाचाच गेली.

जोतीराम : मला शिकवू नगंस. आन् तुज्या भनीच्या, प्रांजलच्या सोयरिकीचा राग माझ्यावर काढू नगंस. गेल्या ऐतवारच्या कॉलात तुज्या आईनंच, साळूवैनीनंच तोंड फिरवलं. मुलाच्या मामाचा मला फोन आलता.

क्रांती : काय म्हणाला मामा?

जोतीराम : म्हणाला, मुलाची आई बोलत हुती, तुमच्या वैनीनं मान वळवली ती परत बघितलंच न्हाई. मी म्हटलं, नसंल तिच्या मनात.

क्रांती : तुमी असं म्हणालात?

जोतीराम : मग काय म्हणू?

क्रांती : मला विचारायचं. आळी ओलांडून समोरच्या घरात यायचं, एवढंच होतं. ऐका आता. प्रांजल तिकडं महाबळेश्वरात हॉटेलातली ड्यूटी संपवून मुलाच्या आईकडं जायची, आईच्या खुणा शिकवायला. का, तर मागणी घालायची ती आईच्या बोलीत घालायची, असा त्या बाईंचाच हट्ट. त्यांनी 'तुमची लेक आमाला द्या' म्हणायला हात उचलला आणि इकडं चित्र थांबलं. हात तसाच अधांतरी. आई माझ्याकडं वळली, पुढं काय म्हणून विचारायला. ते वळलेलं तोंड तिकडं पडद्यावर चिकटून बसलं.

जोतीराम : अन् तवा हितं...

क्रांती : तवा हितं मैदान होतं. आजच्यासारखंच.

जोतीराम : आरं तिच्या. आन् मी मामाला काय बोलून बसलो.

क्रांती : मी विनवण्या करून त्यांना आज परत बसवलंय. आई पाय प्लास्टरात घेऊन नवं लुगडं नेसून बसलीय. आजबी तसंच झालं तर ती माणसं परत फोन उचलायची न्हाईत. माझ्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न तुमच्या कुस्तीनं मोडंल.

जोतीराम : माझ्या एकट्याच्या व्हय? सगळी आळी बघतीया.

क्रांती : सगळ्या आळीला दिलं कुणी? टेलला, पार शेवटच्या रानाला, पाणी पोचत न्हाई म्हणून कॅनॉलच्या गेटापुढं आडवं झोपला होता ते तुमीच ना? वरचे सगळं ओढत्यात म्हणून शिव्या घालत होता. आज वरचे तुमी हाय, काका. आणि टेलला माझी आई हाय.

जोतीराम : तोंड आवर, क्रांती.

क्रांती : न्हाई आवरणार. लय दिवस आवरलं.

जोतीराम : ...वाळून गेला हुता त्या साली ऊस. कृष्णात, ये कृष्णात, टीव्ही बंद कर. आरं कर म्हटल्यावर कर, कोण जिकलं ते उद्या कळंल. आन् गड्यांनो, समद्यांनी मोबाईल खिशात घाला.

क्रांती : खिशातला मोबाईलबी ओढत असतोय. बाजूला व्हा, डब्याचं सेटिंगच बदलते. ह्या डब्यात सोय असती, कुणाच्या मोबाईलला पहिला नंबर द्यायचा ते लावून ठेवता येतं. आईचा लावते. मग बाकीच्यांनी उरलेल्यात खुशाल कुस्त्या बघाव्यात.

जोतीराम : अशी सोय हुती व्हय? मग आधी बोलली का न्हाईस?

क्रांती : बोलले होते. तुमी तवाबी कुस्ती बघत होता.

जोतीराम : मामाला लावू का फोन? माझं चुकलं म्हणून सांगतो.

क्रांती : आधी आईला बोलू द्या. झालं हिकडचं. तिला सांगायला जाते.

जोतीराम : थांब. मी सांगतो.

(जोतीराम अंगणात येऊन, समोरच्या घराच्या सोप्यात मोबाईल धरून बसलेल्या साळूबाईला लांबूनच हातवारे करतो.)

क्रांती : ही कसली खूण? मला ठावं न्हाई.

जोतीराम : तुजा जल्म नव्हता तवाची हाय. उसाला पाणी पाजताना मी वर कॅनॉलच्या मोरीवर असायचो, वैनी खाली सरीला दारं धरायला. हाक मारून उपेग न्हाई, मग हातानंच बोलायचो. तिनंच शिकवलं.

क्रांती : हसतीय ती. काय म्हणालात?

जोतीराम : पाण्याची पाळी तुमची हाय म्हटलं. शेवटची सरी भिजंस्तोवर गेट कुणी पाडणार न्हाई.