गोलातली मोकळी जागा

डोळ्यांच्या दवाखान्यात भिंतीवर अक्षरांचा तक्ता. कुरकुरणारा पंखा. एका म्हाताऱ्याच्या मुठीत एकोणीस नंबरचं टोकन. शेजारी त्याच्याच वयाची बाई. दोघांच्याही डोळ्यांत थेंब, दोघांचेही डोळे मिटलेले.

“मास्तर, पोलिसांनी त्या कवीला पकडलं तेव्हाचं आपलं निषेधाचं पत्रक सापडलं, पिशवीतच आहे. लेखक संघाच्या पन्नाशीच्या अंकात छापतोय.”

“सह्या गोलात घेतलेलं? पहिली कोणाची ते पोलिसांना कळू नये म्हणून?”

“डोकं तुमचंच होतं.”

“आणि सही तेवढी नव्हती. नोकरी जाईल म्हणून घाबरलो, बाई.”

“तुमची जागा आम्ही मोकळी ठेवली होती. आता करा. पेन देते.”

“छे! मोकळीच छापा. खाली लिहा, हा घाबरला होता.”

“मग सगळ्यांच्याच नावाखाली लिहावं लागेल.”

“तुमच्यासुद्धा?”

“माझी सही बघा की, किती वाकडी आलीय.”

“कशी बघू? डोळ्यांत थेंब आहेत.”

“हसू नका, सांडतील.”

एकोणीस नंबर केव्हाच पुकारून झाला होता.