चार नंबरच्या वळणावर लाल झेंडा

...नाही, पण मग लाल झेंडा माझ्या हातात दिलाच कशाला होता? वापरायचा नव्हता तर द्यायचा नव्हता ना! तुम्हाला सांगतो, मी काही भित्रा माणूस नाही. सव्वीस वर्षं मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. म्हणजे स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, तो दुसरा आयुष्यात पहिल्यांदा गाडी चालवतोय, आणि मी शेजारी बसून शांतपणे म्हणतोय, "घाबरू नका ताई, समोरून येतोय तो ट्रक आहे, तो थांबणार नाही, आपण थांबायचंय." याला भित्रा म्हणाल? आता माझ्या पायाखाली माझा वेगळा ब्रेक असतो, ही गोष्ट निराळी. त्याची एवढी सवय झालीय, की घरी सोफ्यावर बसून टीव्ही बघताना त्यात कोणी पळायला लागलं तरी माझा पाय आपोआप खाली दाबला जातो. सोफ्यापुढची फरशी सैल झालीय. आमची ही म्हणते, "गवंडी बोलवायचा की डॉक्टर, एकदाचं ठरवा."

तर मूळ दुखणं आमची धाकटी. वय बावीस. गाडी मीच शिकवली, आणि आता सकाळची बॅच तीच घेते, त्यामुळे किल्ली तिच्याकडे. मी म्हटलं, पोरगी काय मेहनती आहे, पहाटे साडेपाचला गाडी पुसायला खाली उतरते!

मग एक दिवस आमच्याकडे शिकणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई सीटवर बसल्या बसल्या फोन पुढे करून म्हणतात, "मास्तर, ही तुमचीच गाडी ना?" बघतो तर गावाबाहेरचा नवा रिंगरोड, नुकतं उजाडलेलं, चार गाड्या सुसाट सुटलेल्या. तीन गाड्या जमिनीला टेकवलेल्या, रंगवलेल्या, सायलेन्सर कापलेल्या... आणि त्या तिघींच्या पुढे आमची. टपावर पिवळा बोर्ड, 'सावकाश शिका, सुखरूप चालवा', त्याखाली माझा मोबाइल नंबर, आणि मागे शिकाऊचा लाल 'एल'. आणि ओव्हरटेक करताना इंडिकेटर देतेय हो! उजवा दिला, पुढे गेली, डावा दिला, परत आपल्या लेनमध्ये. ते बघून मला क्षणभर जरा... जाऊ दे. मी ब्रेक दाबला. आमची गाडी उभी होती, सुरूसुद्धा केली नव्हती, तरी दाबला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मास्तर, तोंड मिटा, वरची दाढ किडलीय."

दुसऱ्या दिवशी अकरा फोन. "आम्हाला तुमच्याकडेच शिकायचंय."

घरी विचारलं, तर म्हणते, "बाबा, सीटबेल्ट लावला होता." अगं, पण वेग? "रस्ता मोकळा होता." रस्ता मोकळा नसतो! दिसतो मोकळा! पहिल्या दिवशी पहिल्या तासाला हेच शिकवतो मी. कोणीतरी फिरायला निघालेलं असतं, कुत्रं असतं, पेपरवाला असतो... पण ऐकतंय कोण? मी भित्रा माणूस नाही, पण त्यानंतर रोज पहाटे पाच वाजता टक्क जागा, अंथरुणात पडून किल्लीचा आवाज ऐकतोय.

आणि पंधराच दिवसांनी तिच्याबरोबर गाडी पळवणारा एक पोरगा, सगळे त्याला कुरळ्या म्हणायचे, त्याच रस्त्यावर... बाजूच्या गल्लीतून दुधाचा टेम्पो बाहेर आला आणि हा दुभाजकावर चढला. मांडीचं हाड दोन जागी. आम्ही बापलेक बघायला गेलो. पाय वर टांगलेला. त्याची आई मांडीवर त्याचा एक बूट घेऊन नाडी बांधत होती, सोडत होती, परत बांधत होती. तेव्हा माझ्या पोटात जो गोळा आला ना, तो अजून तिथेच आहे. परतताना ही म्हणाली, "बाबा, रस्त्यावर नाही जाणार मी. पण पळवायचीय मला. ट्रॅकवर न्या." मी म्हटलं, नेतो. बाप आहे, काय करतो!

गेलो. सगळं कायदेशीर, व्यवस्थित, आणि तुम्हाला सांगतो, इतकं व्यवस्थित की हातपायच गार पडले. फॉर्ममध्ये पहिला प्रश्न रक्तगट. दुसरा, 'काही झाल्यास कोणाला कळवावे'. मी तिथेच उभा होतो! खिडकीतली मुलगी गोड आवाजात म्हणते, "काही नाही हो काका, अँब्युलन्स कायम तयार असते, दोन डॉक्टर असतात, आग विझवणारे चौघं असतात." अगं बाई, एवढी माणसं रिकामी बसवून ठेवता, म्हणजे तुमचा काहीतरी अंदाज असेलच ना?

तिथले उस्ताद, म्हणजे रेस शिकवणारे, त्यांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, इथे समोरून कोणी येत नाही. सगळे एकाच दिशेने जातात, आणि सगळ्यांना माहीत असतं की शेजारचा जोरात आहे." मी विचार केला. सव्वीस वर्षांत सगळे एकाच दिशेने जाताना मी बघितलेलेच नाहीत. पटलं मला. पोटातल्या गोळ्याला नाही पटलं, पण मला पटलं.

ट्रॅकला झेंडे दाखवायला माणसं लागतात. म्हटलं, मी येतो. दोन दिवसांचं शिक्षण, नारिंगी जॅकेट, आणि चार नंबरचं वळण माझ्याकडे. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, जपून. लाल म्हणजे रेस बंद, सगळ्यांनी थांबायचं. लाल झेंडा हातात आला आणि तुम्हाला सांगतो, महिन्याभरात पहिल्यांदा मला रात्री झोप लागली.

रेसचा दिवस. बारा गाड्या, सगळ्या ट्रॅकच्याच; आमची बाहेर पार्किंगमध्ये. पहिली फेरी ठीक. दुसरीत माझा पाय कडेच्या वाळूत घोट्यापर्यंत गेलेला. तिसऱ्या फेरीला आमची धाकटी आणि एक निळी गाडी अंगाला अंग लावून, तीरासारख्या माझ्या वळणाकडे येतायत, मधे हातभर जागा नाही, आणि मला दिसली ती कुरळ्याची आई. तो बूट. ती नाडी. आणि हात वर गेला. लाल!

बाराच्या बारा गाड्या थांबल्या. अशी शांतता... वॉकीटॉकीवर मुख्य पंच ओरडतायत, "चार नंबर, चार नंबर, काय झालं?" मी म्हटलं, "अजून काही झालं नाही."

नंतर ऑफिसात कागद पुढे सरकवला. रेस थांबवण्याचे कारण लिहा. मी प्रामाणिक माणूस, लिहिलं, 'गाड्या फार जोरात जात होत्या.' पंचांनी तो कागद तीनदा वाचला. मग चष्मा काढला. मग झेंडे काढून घेतले.

धाकटी पहिली होती हो त्या रेसमध्ये. घरी येताना तिनेच गाडी चालवली, चाळीसच्या वर गेली नाही, प्रत्येक वळणाला इंडिकेटर. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाली, "बाबा, रस्त्यावर मला कोणी थांबवत नव्हतं." बस, एवढंच. मी भित्रा माणूस नाही, पण त्या रात्री गाडीची किल्ली उशाखाली घेऊन झोपलो. सकाळी मीच पंचांकडे गेलो. म्हटलं, मला काय शिक्षा करायची ती करा, तिचं नाव यादीतून काढू नका, ती इथे आली नाही तर तिकडे जाईल.

त्यांनी मला पार्किंग सांभाळायला दिलं. भिंतीच्या पलीकडे. रेस दिसत नाही, नुसती ऐकू येते. आणि ऐकू येतंय तोवर बरं असतं हो! पण मधेच आवाज थांबतो. एकदम. त्या पहिल्या रविवारी थांबला आणि मी शिट्टी टाकून धावत सुटलो, फाटकावरच्याला ढकललं, आत गेलो, तर ही हेल्मेट काढून पाणी पितेय. रेस संपली की आवाज थांबतो, एवढी साधी गोष्ट, पण धावताना सुचते का? म्हणाली, "काय झालं बाबा?" म्हटलं, काही नाही, पार्किंगमध्ये एकाचे लाइट चालू राहिलेत, सांगायला आलो. पुढच्या रविवारी परत थांबला, परत धावलो, परत एकाचे लाइट. मनाशी ठरवतो की धावायचं नाही. पण पाय ऐकत नाहीत.

गेल्या रविवारी धापा टाकत पोचलो, तर तिनेच पाण्याची बाटली पुढे केली. "आज कोणाचे लाइट?" मी म्हटलं, "आपलेच." आणि खरंच आपलेच राहिले होते हो! बॅटरी पार उतरलेली. मग काय, ती स्टिअरिंगवर आणि मी मागून, 'सावकाश शिका' या पाटीखाली वाकून गाडी ढकलतोय, आणि ही खिडकीतून डोकं काढून म्हणते, "बाबा, जरा जोरात." ढकलली जोरात. काय करता.