अप्पांची एकेचाळीस सह्यांची हरकत

शरणु. सगळ्यांना शरणु.

तुम्ही ताडकळसची मंडळी एवढी जमलात, नात्यातले आहात, शेजारचे आहात, आणि बोलायला उभी राहिले मी, परभणीहून आलेली. खरं सांगते, अवघड वाटायलंय. रडू येतंय म्हणून नाही. नागनाथअप्पांची आठवण आली की मला हसू येतं, आणि शोकसभेत हसावं कसं हे कुणी शिकवलं नाही. तेव्हा मधेच हसले तर माफ करा. शांताकाकू, तुम्ही आधी माफ करा.

माझं नाव वैशाली. कॉलेजात संगणक शिकवते. उरलेल्या वेळात आवाज रेकॉर्ड करायच्या एका सॉफ्टवेअरचं काम बघते. ते फुकट आहे. कुणीही वापरावं, कुणीही आत डोकावून दुरुस्त करावं. देशोदेशीचे आम्ही दहा-बारा जण ते सांभाळतो. एकमेकांचं तोंड आम्ही कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही.

आता अप्पांच्या रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानाबद्दल तुम्हाला मी काय सांगावं? दुकानात चार पेट्या कॅसेट होत्या. मठातली भजनं, लग्नातली मंगलाष्टकं, बैलबाजारातली बोली, शाळेचं गॅदरिंग. कानावर पडेल ते अप्पा टेप करायचे. कॅसेटींना बुरशी धरायला लागली तसं त्यांनी एकेक कॅसेट आमच्या सॉफ्टवेअरनं संगणकात घ्यायला घेतली. संगणक जुना. त्यातलं आवाजाचं कार्ड त्याहून जुनं. आणि त्या कार्डाची न् आमच्या सॉफ्टवेअरची बोलणी करून देणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो सगळ्यात जुना.

आम्ही ठरवलं, असले जुने ड्रायव्हर काढून टाकायचे. कोण वापरतंय आता? ठेवायचे म्हटलं तर दर नव्या आवृत्तीला त्यांची डागडुजी आली. म्हणून सॉफ्टवेअरमध्येच सूचना टाकली. इंग्रजीत होती, पण अर्थ असा की, कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवा.

मंडळी, आम्हाला वाटलं, कोण कळवतंय! पण आपल्या जिल्ह्यातल्या माणसानं 'हरकत' आणि 'पंधरा दिवस' एका ओळीत वाचलं की त्याला काय आठवतं? तलाठ्याची फेरफाराची नोटीस! अप्पांनी रीतसर अर्ज केला. प्रति, माननीय अध्यक्षसाहेब. विषय, संदर्भ, मजकूर, आणि खाली एकेचाळीस सह्या. त्यातले तीन अंगठे. त्याचा फोटो काढून ईमेलनं धाडला. इथं बसलेल्यांपैकी किती जणांची सही होती त्यावर? हात वर करा बरं. बघा! बघा! मामा, तुमचा तर अंगठा होता.

आमच्यात ब्राझीलचा एक भला माणूस आहे. तो म्हणाला, ही कुठली भाषा? मी अर्जाचा अर्थ सांगितला. जर्मनीची एक बाई आहे, तिला जुनं काढून टाकायची लय घाई. तीसुद्धा म्हणाली, एका गावात एकेचाळीस जण वापरतात? मग नाही काढता येणार.

मला शंका आली होती. पण गप्प बसले. आपल्या जिल्ह्याचं नाव होतंय, कशाला बोला? तरी रविवारी बस धरून इथं आले. दुकानात बघते तर संगणक एकच.

मी विचारलं, "अप्पा, बाकीचे चाळीस?"

म्हणाले, "ते साक्षीदार हायत की!"

मी पोट धरून हसले. मग सांगितलं की तिकडं लोक एकेचाळीस संगणक समजून बसलेत. अप्पा मात्र हसले नाहीत. हातातला पेचकस खाली ठेवला. "खुलासा लिही. आत्ता. माझ्यासमोर."

"अप्पा, मग ते काढून टाकतील."

"टाकू दे. खोट्या मापानं घेतल्यालं मला पचायचं न्हाई."

तीन पेट्या कॅसेट अजून राहिल्या होत्या. मी म्हटलं, तुम्ही आपली जुनीच आवृत्ती वापरत राहा. तर म्हणाले, "कस्काय वापरू? खरखर काढायची सोय तुमी नव्यातच घातलीय न्हवं का?" म्हणजे ड्रायव्हर गेला तर आपलं काम अडणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी मला लिहायला लावलंच. मी लिहिलं, वापरणारा एक, साक्षीदार चाळीस.

जर्मनीच्या बाईचं उत्तर आलं. ठेवू, पण एका अटीवर. दर आवृत्ती बाहेर पडायच्या आधी या गृहस्थांनी ती तपासायची. ज्या वेळी त्यांचा निरोप येणार नाही, त्या वेळी ड्रायव्हर जाईल.

झालं! सोमवारी लिंगपूजा आटोपली की अप्पा तपासणीला बसायचे आणि मला फोन. "आवाज आला. खरखर न्हाई. पर ती चिन्हं लय बारीक केलीत, म्हाताऱ्या मानसानं काय कंदील घिऊन बगावं का?" ते सगळं मी अप्पांच्या नावानं इंग्रजीत कळवायची. कंदिलासकट. एकदा म्हणाले, "ही आवृत्ती थांबव. तबलजी मठात डावीकडं बसला व्हता, तो उजवीकडं कामून गेला?" आम्ही शोधलं. डाव्या-उजव्या आवाजाची अदलाबदल झाली होती, आणि ती सगळ्यांच्याच संगणकावर. आम्हा हुशार लोकांपैकी एकाच्याही कानाला कळलं नव्हतं. त्या दिवसापासून जर्मनीची बाई अप्पांचा निरोप आल्याशिवाय काही बाहेर सोडत नसे.

यंदा दिवाळीनंतर शेवटची कॅसेट झाली. चारी पेट्या रिकाम्या. ज्याच्या घरचा आवाज, तो त्याच्या मोबाईलवर पोचला. कुणाची आई बोलली, कुणाचा भाऊ गायला. तुम्ही ऐकलंय, तुम्हाला माहीत आहे. अप्पांचा फोन आला, "आता काढ तो ड्रायव्हर."

मी म्हटलं, राहू द्या की अप्पा, काही खात नाही तो.

म्हणाले, "खातुया. तुमा लेकरांचा टैम खातुया. काम झालं. काढ."

तीनदा सांगितलं त्यांनी. मी तीनदा टाळलं. ड्रायव्हर गेला की सोमवारचा फोन जाईल, याचं मला भ्या वाटत होतं. माझा लय जीव होता त्यांच्यावर. आणि अप्पाच आधी लिंगैक्य झाले.

आज सकाळी शांताकाकू मला म्हणाल्या, "ह्यांचं तेवढं राहू दे माय. तिथं त्यांचं नाव हाय."

काकू, सकाळचं उत्तर राहिलं. आता सगळ्यांसमोर सांगते. नाव कुठंच जात नाही. आमच्या कामात काढलेली गोष्टसुद्धा जुन्या नोंदीत राहते, कुणी तपासली, कुणी चूक धरली, सगळं. कुणीही उघडून वाचावं. पण ड्रायव्हर तसाच ठेवला तर आता त्याला तपासणारं कुणी नाही. तो आतल्या आत बिघडेल आणि कुणाला कळणारही नाही. सांगा काकू, बिघडलेली वस्तू अप्पांनी दुकानातून कधी कुणाच्या हातात दिली का?

काकू मान हलवायल्यात. हो का नाही, मला इथून कळेना. थांबा... हो म्हणायल्यात.

मग आज घरी गेल्यावर मी तो काढते. काढताना एका ओळीत कारण लिहावं लागतं. आजवर आम्ही तिथं एकच लिहीत आलो, की वापरणारं कुणी उरलं नाही. हे मी लिहिणार नाही. अप्पा बोलले तेच लिहीन, मराठीत लिहीन, आणि ज्याला कळत नाही त्यानं मला विचारावं. काम झालं.

चला, उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका.

अप्पा, शरणु शरणार्थी.