ज्याने लिहिलं, तो बोलेल

समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या 'ठिपका' जाहिरात संस्थेचे संस्थापक आदरणीय नंदकुमार सर, मसाल्यांच्या व्यवसायातून वेळ काढून घणसोलीहून आलेले प्रमुख पाहुणे धनाजीशेठ, आजच्या सत्कारमूर्ती मीनाताई, त्यांचे जुईनगरचे सगळे शेजारी, आणि नवे-जुने सहकारी, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

जमलं! एका दमात जमलं. खरं सांगते, इतकं नेटकं संबोधन माझ्या हातून लिहून होत नाही. हा कागद मला कुणी लिहून दिला ते शेवटी सांगते. थांबा हं, हा माइक जरा वर घेते, मला वाकायला लागतंय. हां. येतंय ना मागे ऐकू? आई, येतंय? माझी आई आलीय करावे गावातून, शेवटच्या रांगेत बसलीय, कारण तिथून लवकर निघता येतं असं तिचं म्हणणं.

मी भाविका तांडेल. 'ठिपका'त जाहिरातींच्या ओळी लिहिते. आज मला इतकं बोलायचंय की पाच मिनिटांत कसं मावणार, देव जाणे. मीनाताई एकवीस वर्षं आमचं ऑफिस सांभाळून आता निवृत्त होतायत. कागदावर पद होतं ऑफिस मॅनेजर. पण संध्याकाळी सात वाजले की एसी बंद करून 'आयडिया घरी पण येतात, निघा आता' असं सांगणाऱ्या बाईला काय म्हणायचं? नंदकुमार सर, तुम्हालाही त्यांनी केबिनमधून उठवलंय. मान हलवू नका, सगळ्यांनी पाहिलंय.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. कंपनीची वेबसाइट नव्याने करायची होती. सर म्हणाले, 'इथे काम करण्याचा अनुभव प्रत्येकाने लिहून द्या, आपण तो साइटवर टाकू.' कागद गोळा करायचं काम मीनाताईंकडे. आता जाहिरातवाल्यांना अनुभव लिहायला सांगितला तर ते काय देणार? आम्ही ऑप्शन दिले! प्रत्येकाने तीन-तीन. एक भावनिक, एक विनोदी, एक 'क्लायंटला आवडेल असा'. चित्रं काढणाऱ्या रूपेशने तर नुसता कोरा कागद दिला आणि क्लायंटला रोज विचारावं लागतं तेच खाली लिहिलं, 'लोगो मोठा करू का?'

मीनाताईंनी गठ्ठा परत आणला. म्हणाल्या, 'पोरांनो, मी गिऱ्हाईक नाही. मला विकू नका. काल काय झालं ते लिहा.' लॅपटॉप बाहेर ठेवायला लावले, फुलस्केपचे कागद वाटले आणि परीक्षेसारखं मीटिंग रूममध्ये कोंडून घातलं. वीस मिनिटं!

काल काय झालं होतं ते मला चांगलंच माहीत होतं. धनाजीशेठ, तुमच्या फिश मसाल्याची ती ओळ आठवते? 'जेवण झालं. हात धुववत नाहीत.' ती मी लिहिली होती. आणि आदल्या दिवशी तुमच्या ऑफिसात ती म्हणून दाखवली माझे तेव्हाचे वरिष्ठ निशांत सर यांनी. तुम्ही टेबलावर हात आपटून 'वा!' म्हणालात, निशांत सर 'थँक यू' म्हणाले, आणि मी कोपऱ्यात प्रोजेक्टरची वायर धरून उभी होते, कारण ती सोडली की स्क्रीन काळी व्हायची. परत येताना निशांत सर म्हणाले, 'तुझं बोलणं अजून जरा गावचं वाटतं, क्लायंटसमोर नको.' निशांत सर, तुम्ही समोरच बसलात. तुमची-माझी केव्हाच गट्टी झालीय, पण आज ऐकून घ्या.

घरी आईला सांगितलं. ती मासे साफ करत होती. हातातला कोयता न थांबवता म्हणाली, 'लिवलंस तू न् बोलतो तो? मंग तुजा तोंड काय उधारीवर दिलाय?'

तेव्हा त्या फुलस्केपवर मी एकच वाक्य लिहिलं. 'काल माझी ओळ मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकली.' तो कागद पाकिटात घातला आणि त्याच पाकिटात राजीनामाही टाकला. घरात पहिल्यांदाच कुणी अशी नोकरी करत होतं, ती मी सोडायला निघाले होते.

मीनाताईंनी काय केलं? भाषण दिलं? समजूत घातली? काही नाही. माझा कागद उचलला, सरांच्या केबिनमध्ये गेल्या, त्यांच्यासमोर ठेवला आणि खुर्ची ओढून बसल्या. सरांनी वाचेपर्यंत उठल्याच नाहीत. अर्ध्या तासाने सर बाहेर आले, मार्कर घेतला आणि मीटिंग रूमच्या दारावर लिहिलं, 'ज्याने लिहिलं, तो बोलेल.' आजही आहे. रंग दोनदा दिला, पण दाराला हात लावू दिला नाही ताईंनी. वेबसाइटवरच्या त्या पानाचं विचाराल तर तिथे सहा वर्षं 'लवकरच येत आहे' असंच आहे. अनुभवाचे कागद मात्र दर वर्षी लिहितो आम्ही, ते ताईंच्या ड्रॉवरमध्ये जातात, आणि त्यातून कुणाचं ना कुणाचं काहीतरी सुधारतं.

आणि राजीनामा? ताई म्हणाल्या, 'यावर तारीख नाही. तारीख सुचली की सांग.' मला ती अजून सुचलेली नाही!

पुढच्याच महिन्यात धनाजीशेठसमोर मी उभी राहिले. पाठ केलेलं सगळं विसरले. मग सुटलेच, घरी बोलते तशी! धनाजीशेठ हसायला लागले. म्हणाले, 'मंजे त्या टायमाचा पन तूच लिवला व्हता. मी बोललोच व्हतो, मच्छी साफ करनाऱ्या घरातलाच वाक्य हाय ह्या.' काय सांगू, त्या दिवशी सानपाड्याच्या ऑफिसपर्यंत मी चालत आले नाही, उडत आले.

इथे टाळ्या घेऊन मी खाली बसले असते तर भाषण छान झालं असतं. पण ताई समोर बसल्यात आणि त्यांना विकलेलं चालत नाही.

परवा बुधवारी ताईंनी ड्रॉवर रिकामा केला. माझं जुनं पाकीट माझ्या हातात दिलं. त्यावर दुसरं एक पाकीट ठेवलं, पंधरा दिवसांपूर्वी आलेलं. म्हणाल्या, 'आता हा ड्रॉवर तुझा. पहिलं काम हे.'

आत एक फुलस्केप होता. 'काल माझी ओळ मी भाविका मॅडमच्या तोंडून ऐकली.'

क्षिप्राचा कागद. आमच्याकडची सगळ्यात नवी लेखिका. गेल्या महिन्यात खारघरला सोफा-कम-बेडवाल्यांकडे गेलो होतो. तिची ओळ होती, 'पाहुणे येताहेत? येऊ द्या.' काय ओळ आहे! ती लॅपटॉप लावत होती, क्लायंट घाईत होते, माझ्याकडे बघत होते, आणि मी ती ओळ म्हणून टाकली. ते खूश झाले. मी म्हणाले, 'थँक यू.' 'ही क्षिप्राची ओळ आहे,' एवढंच म्हणायचं होतं. किती वेळ लागला असता? तेवढंही मी म्हणाले नाही. टाळी माझ्याकडे बघून वाजली होती ना, मला गोड लागली. ते दार मी रोज ढकलून आत जाते, पण त्यावरचं वाचायचं मी विसरले होते.

त्या पाकिटातही राजीनामा आहे. पोरगी माझ्यापेक्षा पक्की, तिने तारीख टाकलीय. या महिन्याची तीस.

काल मी तिची माफी मागितली. विचारलं, उद्या हे सगळ्यांसमोर सांगू का? ती म्हणाली, 'आधी बोलून तर दाखवा.' तर क्षिप्रा, बोलले. तुझी ओळ मी चोरली. सोमवारी खारघरला परत जायचंय, वेळ मी घेतलीय. तू बोलायचंस, वायर मी धरीन. तीस तारखेचं काय करायचं ते तुझं तू ठरव, पण वायर मी धरणारच.

मीनाताई, तुमच्याबद्दल बोलायचं सोडून मी स्वतःचंच सांगत बसले. पण तुम्ही आमच्याकडून इतकी वर्षं हेच तर मागत होतात. खूप आनंदात राहा. संध्याकाळी सातनंतरचाच काय, आता अख्खा दिवस तुमचाच आहे. माझ्या बोलण्यात कुणाचा मान ठेवायचा राहिला असेल, जीभ घसरली असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या.

राहिले आभार. ते या कागदावर आहेत. सुरुवातीचं ते नेटकं संबोधनही याच कागदावर होतं. सगळं क्षिप्राने लिहिलंय, शब्द न् शब्द. म्हणून ते मी वाचणार नाही.

ये ग, क्षिप्रा. आई, उठू नकोस, थांब जरा, हिचं ऐकून जा. आणि माइक खाली घे हं, मी माझ्या उंचीला लावून ठेवलाय.