बायकोच्या बाजूचा आरसा

मी डावीकडं वळताना बायकोले इचारतो म्हनून तुमी सारे हसता ना? आता आयकाच.

माह्या जुन्या गाडीचा डावा आरसा ढिल्ला झाला होता. खड्डा आला का मुंडी टाके. मंगरूळपीरले साबीरभाई मेकॅनिककडं गाडी नेली. बायको डाव्या शिटवरून उतरलीच नाही अन् मी चहा प्याले गेलो.

साबीरभाईनं तिलेच इचारलं, "भाबीजी, मांगचा रोड दिसून राह्यला का?"

"जरासा बाहीर घ्या. हां, आता मस्त दिसते."

त्यानं तसाच पक्का चिकटवून टाकला. मी येऊन स्टेरिंगवर बसलो अन् पाह्यलं, तर आरशात बाजूच्या हाटेलातली भज्याची कढई!

"साबीरभाई, गाडी कोन चालवते?"

"तुमी. पन शिटवर तं भाबीजी होत्या. आता तो हालत नाही, तोडाच लागते."

वाशीमले साळ्याच्या पोराचा साखरपुडा होता, म्हनून तसेच निंगालो. रस्त्यात माह्या तोंडातून गेलं, "तुह्या भावाच्या घरी कोन्तं काम टाइमावर होते?" तेवढ्यात वाशीमचा डावा फाटा आला.

"मांगून कोनी येऊन राह्यलं का?"

"माह्या भावालेच इचारा."

मांगून ट्रकचा भोंगा वाजला अन् मी घाबरून सरळ गेलो. फाट्यामांगून फाटे गेले, बाई बोलली नाही. शेवटी जऊळका गावाच्या डाव्या फाट्यापाशी गाडी थांबवून साळ्याले फोन लावला, माफी मांगतली. तवा कुठं बाई आरशात पाहून म्हने, "वळवा आता. मांगं कोनी नाही."