जनतेच्या जागी सिंधुताई

हॅलो?… हो, मीच आहो. कोणी आजारी नाही… अवं, ऐक तर!

सिंधुताई एरवी इतक्या हळू बोलत, की गोंदियाला थोरल्या बहिणीला, रंभाबाईंना, फोन कानात खुपसावा लागे. आज रुआबांध्याच्या कारखाना-वसाहतीतल्या क्वार्टरमधून त्यांचा आवाज स्वयंपाकघराची जाळी ओलांडून गेला होता.

प्रवीणनं… हो, माह्याच पोरानं! मले कंप्यूटरात घातलं… फोटो नाही वं. एजंट बनवला माहा… विम्याचा नाही! यंत्रातला. एआय म्हणतात ना? काम सांगतलं का आपल्या मनानं विचार करते… हो, तेच.

अवं, तो दिल्लीच्या त्या संस्थेचं काम घरून नाही करत का? लढाई लागली तर देशाचं काय होईन, ते तपासतात. एक एजंट दुश्मन होते, एक आपलं सरकार, एक साधी जनता. तिघं आपसात बोलतात, हा बसून पाहते… खेळ नाही बाई! मोठे लोक वाचतात ते.

तर ती जनता म्हणजे मी… हो! माहं बोलणं चुपचाप टिपून राहिला होता. सोमवार, एकादशी, चातुर्मासात मीठ सोडलं, सारं भरलं त्यात… मलेच कावून म्हणजे? "आई, तू एकदम आम जनता आहेस," म्हणते!

मंग त्यातल्या दुश्मनानं समुद्राचा रस्ता बंद केला. तेल नाही, खत नाही, दाणा नाही. सरकारनं जनतेले विचारलं, किती दिवस तग धरसान? अन् मी… म्हणजे ते… काय म्हटलं, मालूम आहे? "माही काळजी करू नका. मी पाणी पिऊन राहीन. तुमी आपलं पाहा."

पलीकडे रंभाबाई हसल्या असाव्यात. सिंधुताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

हसू नको! माहंच वाक्य आहे ते, शब्द न् शब्द. अंगावर काटा आला. सरकारनं लगेच लिवलं, जनता उपाशी दिवस काढन, लढाई लांबवा… हो ना! माह्या तोंडचं घेऊन!

अवं, माह्या एकादशीले घरात दोन भाज्या होतात, सगळे पोटभर जेवतात. मी सोडते ते माह्या मर्जीनं, देवासाठी. इथल्या हथखोजच्या कारखान्यात रोजीनं जाणाऱ्या बायांनी, कुम्हारीच्या गरीब लेकरांनी कोणता संकल्प सोडला?… सांग ना! दुसऱ्याच्या ताटातलं काढून माहा उपास कसा होईन?

बोलली ना त्याले… मंग त्यानं माहं सारं काढून परत चालवलं… काय होईन? महिनाभरात लोक रस्त्यावर. सरकारले बोलणी करा लागली… हो, चांगलंच ना! पण त्याच्या दिल्लीच्या साहेबाले ते नाही पायजे. लोक खंबीर आहेत असंच आलं पायजे, हे त्यानं आधीच सांगून ठेवलं. पहिली नोकरी आहे बाई पोराची. पहिलाच अहवाल…

थांब, तो इकडं पाहून राहिला. काय, बेटा?… कोणता पाठवू विचारते, जुना का नवा… रंभाबाई, बोल ना काही!… तू नोकरी सांभाळा म्हणतं? तेही बरोबर आहे वं…

सिंधुताईंनी डोळे मिटले. ओठ हलले, नाव कोणाचं घेतलं ते ऐकू आलं नाही.

नवा पाठव, प्रवीण.

…गेला, बाई. पाठवला त्यानं… नाही, रडून नाही राहिली… हो… अवं थांब, त्याचा फोन वाजून राहिला. साहेबच आहे… इतक्यात?… उचल, बेटा. मी बसली ना बाजूले… ठेवते, बाई. ठेव.